संस्कारांची देऊ की मजेची?

एक कबुली देऊन टाकते. २०१२ साली साताऱ्याच्या आमच्या घराला रंग द्यायचा होता, तेव्हा माळ्यावरचे दोन खोके मी माझ्या हाताने रद्दीवाल्याला दिले. एकात 'चांदोबा' आणि 'किशोर'चे अंक होते. दुसऱ्यात फास्टर फेणे, गोट्या, 'श्यामची आई' आणि असंच बरंच काही. बाबा म्हणाले होते, ''अगं, राहू दे की. तुझ्याकडे जेवायला मागतायत का?'' मी म्हटलं, ''बाबा, झुरळं झालीयेत त्यात. आणि आता हे कोण वाचणारे?''

तेव्हा मी पंचविशीची. हिंजवडीत नवी नोकरी, गळ्यात आयकार्ड, डोक्यात हवा. रद्दीवाल्याने काटा धरला, पैसे हातावर ठेवले आणि त्या पैशांत आम्ही सगळ्यांनी भेळ खाल्ली.

'कोण वाचणारे' या प्रश्नाचं उत्तर आता आठ वर्षांचं आहे आणि मी हे लिहितेय तेव्हा समोरच्या सोफ्यावर उलटं लटकलेलं आहे.

माझी लेक वाचत नाही असं मुळीच नाही. तिच्या कपाटात इंग्रजी पुस्तकांची चळत आहे. डिटेक्टिव्ह उंदीर आहे, वैतागलेल्या मुलाची डायरी आहे, ड्रॅगन तर किलोने आहेत. मराठीही तिला वाचता येतं. पण ते कसं, तर लक्ष्मी रोडवरून दिवाळीत स्कूटर काढावी तसं. दर जोडाक्षराला ब्रेक. 'उत्स्फूर्त' वगैरे आलं की गाडी बंदच पडते.

आणि दुसरीकडे माझे बाबा. पेपर पहिल्या पानावरच्या तारखेपासून शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचणारा माणूस. गेल्या वर्षी त्यांच्या नजरेच्या मधोमध एक डाग दिसायला लागला. डॉक्टर म्हणाले, मॅक्युलाचा त्रास आहे. आता महिन्यातून एकदा डोळ्यात इंजेक्शन घ्यायला ते पुण्याला येतात आणि चार-पाच दिवस आमच्याकडे राहतात. हेडलाइन दिसते, खालची बातमी दिसत नाही. कडेचं दिसतं, बघायचं असतं तेच नेमकं दिसत नाही.

सुरुवातीच्या दोन महिन्यांत आजोबा-नातीचा संवाद असा असायचा : ''शाळा कशी आहे?'' ''ओके.'' ''जेवलीस का?'' ''हो.'' संपलं. मग आजोबा रेडिओ लावायचे, नात टॅबमध्ये डोकं घालायची आणि मी डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून अमेरिकेच्या कॉलवर. एका हॉलमध्ये तीन माणसं आणि तिघांच्या कानात तीन वेगळे आवाज! एका रात्री कॉल म्यूट करून मी हे दृश्य जरा लांबून बघितलं आणि मला ते दोन खोके आठवले. लहानपणी साताऱ्यात वीज गेली की बाबा कंदील लावून मला त्यातलंच काहीतरी वाचून दाखवायचे. वीज आली की मी हिरमुसायचे.

ठरवलं. खोके परत आणायचे. म्हणजे, विकत.

शनिवारी सकाळी अप्पा बळवंत चौक गाठला. तिथे पार्किंग मिळालं तर पुस्तक मिळणारच, असा माझा अनुभव आहे. स्पर्धापरीक्षांच्या गाइडांचे डोंगर ओलांडून एका जुन्या दुकानाच्या काउंटरशी पोचले आणि म्हटलं, ''काका, लहान मुलांची जुनी, चांगली पुस्तकं हवीयेत. आमच्या वेळची.''

काकांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, ''संस्कारांची देऊ की मजेची?''

सांगा आता! इतकी वर्षं नोकरी करून मला कुठल्या क्लायंटने इतका नेमका प्रश्न विचारलेला नाही. 'दोन्ही' म्हटलं. काकांनी काउंटरवर दोन गठ्ठे रचले.

मजेच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर अर्थातच फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्यात शिकायला आलेला, अंगाने काटकुळा पण सायकलवर वाऱ्यासारखा. भा. रा. भागवतांनी त्याला प्रतापगडावर नेलं, काश्मीरला नेलं, चक्रीवादळात ढकललं. भागवत १९१० साली जन्मले आणि २००१ साली गेले. याच माणसाने ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांपर्यंत आणल्या, आणि बिपिन बुकलवार नावाचा एक पुस्तकवेडा मुलगाही त्यांचाच. फेणेची पुस्तकं अजून नव्याने छापली जातात. २०१७ साली त्याच्यावर सिनेमा आला, पण त्यातला फेणे चांगला मोठा झालेला आहे. पुस्तकातला मात्र अजून हाफपॅण्टमध्येच आहे.

त्याच्याखाली ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या'. एक अनाथ मुलगा एका मध्यमवर्गीय घरात येतो आणि हळूहळू त्या घरचाच होतो. दूरदर्शनवर त्याची मालिका लागायची ती माझ्या वयाच्या वाचकांना नक्की आठवेल. मी लेकीसाठी ताम्हनकरांची 'चिंगी'ही घेतली, कारण तिचा पहिला प्रश्न काय असणार हे मला ठाऊक होतं : ''यात मुली कुठेयत?''

संस्कारांच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर 'श्यामची आई'. पण ती मी घेतली नाही. कारण ती मी आदल्याच आठवड्यात ऑनलाइन मागवली होती. मस्त गुळगुळीत कव्हर, रंगीत चित्रं, आणि सवलतीत. त्या शहाणपणाची गोष्ट पुढे येईलच.

तर मंडळी, या खटाटोपात ठेचा खाऊन मी जे शिकले ते आधी सांगून टाकते. तुमच्यापैकी कुणाची भाचेकंपनी असेल, कुणाच्या घरी पाळणा हलला असेल, कुणाला स्वतःसाठीच हवं असेल. जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती घेताना चार गोष्टी बघा.

पहिली, ते पुस्तक पूर्ण आहे का. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून 'श्यामची आई' कुणीही छापू शकतं. यात फायदा असा की पुस्तक स्वस्तात मिळतं. तोटा असा की कुणीही छापू शकतं म्हणजे कुणीही कापूही शकतं. 'संक्षिप्त' हा शब्द कव्हरवर कधी बारीक अक्षरात असतो, कधी नसतोच. सोपी परीक्षा म्हणजे अनुक्रमणिका उघडा. मूळ पुस्तकात ४२ रात्री आहेत. कमी भरल्या की समजायचं, कुणीतरी कात्री चालवलीय.

दुसरी, शुद्धलेखन. आज आपण ज्या पद्धतीने लिहितो ते नियम १९६२ साली सरकारने मान्य केले. त्याआधीच्या छपाईत न उच्चारले जाणारे अनुस्वार सगळीकडे पेरलेले असतात : 'घरांत', 'नाहीं'. आपल्याला ते गोड वाटतं. आधीच अडखळणाऱ्या मुलाला मात्र प्रत्येक टिंब म्हणजे आणखी एक खड्डा. मुलांनी स्वतः वाचायचं असेल तर नव्या शुद्धलेखनातली आवृत्ती घ्या. जुनी हुबेहूब आवृत्ती स्वतःसाठी ठेवा.

तिसरी, अक्षराचा आकार. पानं वाचवायला काही जण टाइप इतका बारीक करतात की पुस्तक औषधाच्या डबीतल्या कागदासारखं दिसतं. शक्य असेल तर मुलाला दुकानात घेऊन जा आणि अर्धं पान तिथेच वाचायला लावा. कपाळाला आठ्या पडल्या तर दुसरी आवृत्ती मागा.

चौथी, आतलं माहितीचं पान. पहिली आवृत्ती कधीची, पुनर्मुद्रण कधीचं, हे तिथे असतं. ते मुलांना आधी दाखवा. गोष्ट किती जुनी आहे हे कळलं की ''मग त्याने फोन का नाही केला?'' हा प्रश्न दर पानाला येत नाही. दर तीन पानांना येतो.

आणि खिसा रिकामा असेल, महिनाअखेर असेल, तरी अडत नाही. बालभारतीने 'किशोर' मासिक १९७१ साली सुरू केलं. त्याचे जुने अंक त्यांनी डिजिटल करून इंटरनेटवर मोफत ठेवलेत. माझ्या रद्दीत गेलेले अंक मी तिथे शोधून काढले. फुकट मिळाले तरी जरा लाज वाटलीच.

तर, वाचन सुरू झालं. सुरुवात फेणेपासून. पहिल्या रात्री मीच वाचलं. फेणेची खास सवय म्हणजे तोंडाने 'टॉक्' असा आवाज काढणं. मी काढला, तर टाळूला चिकटलेलं चॉकलेट सोडवल्यासारखा आला. तेवढ्यात कोपऱ्यातल्या आरामखुर्चीतून एक खणखणीत, अस्सल 'टॉक्' आला. बाबा!

लेकीने कानातलं काढलं. ''आजोबा, तुला हे कसं येतं?''

''तुझ्या आईला मीच तर वाचून दाखवायचो.''

तिसऱ्या दिवशी घरात इतकं टॉक्-टॉक् सुरू झालं की माझा नवरा टीमच्या कॉलवर बोलता बोलता टॉक् करून बसला. असो.

मग वाटणी अशी झाली. जेवणानंतर दहा मिनिटं. लेक वाचणार, कारण आजोबांना दिसत नाही. आजोबा ऐकणार आणि ती अडली की सोडवणार, कारण तिला शब्द माहीत नाहीत. तिच्याकडे डोळे, यांच्याकडे डिक्शनरी. फर्लांग म्हणजे किती, टांगा म्हणजे काय, आणा म्हणजे पैसे की 'घेऊन या', यावर चर्चा झडायला लागल्या. मी ऑफिसातून उशिरा आले तर ही दोघं मला सोडून पुढे गेलेली असायची. मग मला 'आत्तापर्यंतचा सारांश' मिळायचा, तोही उपकार केल्यासारखा.

सगळंच जमलं असं समजू नका. नाथमाधवांचं 'वीरधवल' माझं लाडकं. पण त्या भाषेने शंभरी ओलांडलीय. तिसऱ्या पानावर लेक झोपली, चौथ्यावर बाबा. एक बोधकथांचं पुस्तक तर लेकीने दोनच गोष्टींत ओळखलं : ''आई, यात शेवटी नेहमी चांगलाच मुलगा जिंकतो. आधीच कळतं.'' ते पुस्तक बंद. काही रात्री दहा मिनिटंही होत नाहीत. कुणाला होमवर्क असतो, कुणाचा डोळा दुखत असतो, आणि माझी डेडलाइन तर पाचवीला पुजलेली.

मग आली 'श्यामची आई'.

साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिलं. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर सिनेमा काढला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी सुवर्णपदक मिळालं. हे सगळं कौतुक मी लेकीला ऐकवलं आणि ते गुळगुळीत कव्हर उघडलं. तिने भराभर वाचलं. टाइप मोठा, वाक्यं छोटी, प्रत्येक गोष्टीखाली चौकटीत तात्पर्य. एक गोष्ट अशी होती : एका म्हाताऱ्या मोळीविकीच्या डोक्यावर मोळी चढवायला कुणी मदत करत नाही, श्यामची आई श्यामला मदतीला पाठवते. तात्पर्य : गरजूंना मदत करावी.

''अर्धी गोष्ट कुठाय?'' बाबा म्हणाले.

''म्हणजे?''

''आंघोळ कुठाय?''

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा अप्पा बळवंत चौकात. काकांनी काही न बोलता, आदल्या वेळी मी परत केलेली तीच प्रत पुढे सरकवली. संपूर्ण, साधं कव्हर, ४२ रात्री. मी मोजल्या.

त्या रात्री लेकीने तीच गोष्ट पूर्ण वाचली. पूर्ण गोष्टीत ती म्हातारी महार समाजाची आहे, म्हणून तर कुणी हात लावत नाही. आई मुलाला मदत करायला पाठवते, लोक काय म्हणतील याची पर्वा न करता. आणि मग आंघोळही करायला लावते.

लेक थांबली. ''मदत केली ना? मग आंघोळ कशाला? तो मळला का?''

मी तोंड उघडलं. एचआरच्या ट्रेनिंगमध्ये शिकलेली चार वाक्यं जिभेवर आली. 'त्या काळी लोक असे होते,' असं काहीतरी म्हणून मी पान उलटणार होते. पण बाबा बोलायला लागले.

''आमच्याकडे गोठ्याच्या वळचणीला एक कान तुटलेला कप असायचा,'' ते म्हणाले. ''शेतावर कामाला येणाऱ्या एका आजोबांचा. चहा त्यात वरून ओतायचा. पिऊन झाला की त्यांनीच धुऊन परत तिथं उपडा घालायचा. ते साठीचे, मी सहा वर्षांचा, आणि मी त्यांना 'अरे' म्हणायचो.''

''पण ते अलाऊडच नाहीये. आम्हाला शाळेत शिकवलंय,'' लेक म्हणाली.

''हो. माझा जन्म १९५० चा. त्याच वर्षी संविधान लागू झालं. कायद्यात बंद झालं होतं. घरात चालू होतं.''

''मग तू त्यांना आपल्या कपात चहा का नाही दिलास?''

''लहान होतो मी.''

''आणि मोठा झाल्यावर?''

बाबा जरा वेळ गप्प बसले. नजर भिंतीकडे, त्यांना कडेचंच दिसतं ना, त्यामुळे ते नक्की कुणाकडे बघत होते कळेना. ''मोठा झाल्यावरही नाही दिला,'' ते म्हणाले. ''मी कॉलेजात होतो तेव्हा ते गेले. सुट्टीत घरी आलो तर कप तिथंच होता.''

''चूक होतं ना ते?''

''हो. चूक होतं. माझंही चुकलं.''

अडतीस वर्षांत बाबांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. आणि मला हा कप, हे आजोबा, यातलं काहीच माहीत नव्हतं. कंदिलाच्या उजेडात बाबांनी मलाही हीच गोष्ट वाचून दाखवली असणार. मी कधी विचारलं नाही. की विचारलं होतं आणि त्यांनी पान उलटलं होतं? दोघांनाही आठवत नाही.

त्या रात्री मी दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून बघितल्या. कात्री चालवणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. त्याला मुलांच्या हातात काहीतरी स्वच्छ, निर्मळ द्यायचं असेल. मीही दुकानात तेच मागायला गेले होते की. पण त्याने नेमकी तीच ओळ उडवली जिच्यावर माझ्या लेकीने ब्रेक मारला, आणि त्या ब्रेकमुळे तिला तिचे आजोबा भेटले. श्यामची आई तिच्या काळाच्या चार पावलं पुढे गेली, पाचवं तिला जमलं नाही. हे आठ वर्षांच्या मुलीला कळतं. चौकटीतल्या तात्पर्याशिवाय कळतं. फक्त कुणीतरी शेजारी बसलेलं लागतं.

म्हणून मी आता कुणी विचारलं तर एवढंच सांगते : जुनी पुस्तकं मुलांना देऊन मोकळे होऊ नका. सोबत बसा. टोचेल तिथे थांबा. उत्तर येत नसेल तर घरातल्या थोरल्यांना विचारा, आणि त्यांना उत्तर द्यायला वेळ द्या.

बाबा परवा साताऱ्याला गेले. पुढचं इंजेक्शन महिन्याने. पुस्तकात बसचं तिकीट खूण म्हणून घातलंय, आणि 'मी येईपर्यंत पुढे वाचायचं नाही' अशी सक्त ताकीद आहे. लेक फोनवर टॉक् करते, पलीकडून टॉक् येतो, फोन ठेवला जातो.

काल मात्र तिने मला गाठलं. ''आई, तुझी लहानपणची पुस्तकं कुठेयत?''

सांगितलं मग. माळा, खोके, रद्दीवाला, काटा, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. वाटलं, आता आपली पाळी.

''ती भेळ तरी चांगली होती का?'' तिने विचारलं.